कागदांची निवड

कागद टाकून देण्याबद्दल पगार मिळणारी माणसे जगात फार नसावीत. त्यांपैकी एक आम्ही आहोत. केंद्र सरकारच्या जबलपूर येथील एका कचेरीत आम्ही लेखनिक आहोत आणि गेली चार वर्षे तेथील अभिलेख कक्ष आमच्या ताब्यात आहे. मुदत संपलेल्या फायलींची यादी करावयाची, ती ज्या त्या शाखेकडे फिरवावयाची, 'नष्ट करण्यास हरकत नाही' असा शेरा मिळाला की गठ्ठे बांधून ते निकालात काढावयाचे, हा आमचा व्यवसाय. कचेरीतले सहकारी आम्हाला प्रेमाने 'रद्दीवाले' म्हणतात. आम्ही रागावत नाही. ज्या घरात कधीच काही टाकले जात नाही, त्या घरात हवी ती वस्तू कधीच सापडत नाही, हे गृहिणींना ठाऊक असलेले सत्य सरकारालाही लागू आहे.

या कामाचे नियम आहेत आणि ते चांगले आहेत. ज्या फायली कायमच्या ठेवून शिवाय त्यांची सूक्ष्मचित्रे घ्यावयाची त्या 'ए' वर्गात, ज्या नुसत्या कायमच्या ठेवावयाच्या त्या 'बी' वर्गात, आणि ज्यांचे आयुष्य ठरीव, फार तर दहा वर्षांचे, त्या 'सी' वर्गात. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने असेही सांगून ठेवले आहे की १८९२ पूर्वीचा कागद, तो अगदीच निकामी झाला असल्याखेरीज, कोणालाही नष्ट करता येणार नाही. म्हणजे १८९२ च्या आधी जन्मलेल्या कागदाला जन्मतःच अभय आहे; त्यानंतर जन्मास आलेल्याने मात्र आपली योग्यता सिद्ध करावयाची. माणसांच्या जगातही वडीलधाऱ्यांना असाच मान मिळतो, म्हणून आम्हाला त्यात वावगे वाटत नाही.

या आमच्या विद्येचा कोणाला उपयोग होईल असे आम्हास कधी वाटले नव्हते. परंतु नेपिअर टाउनमध्ये आमच्या शेजारी एक मराठी प्राध्यापक राहतात. त्यांचे घराणे तीन पिढ्या जबलपुरात आहे आणि त्यांच्या मराठीत नागपूर, जबलपूर व पुस्तके अशी तिन्ही गावे नांदतात. त्यांच्या मनाने घेतले आहे की येथील विश्वविद्यालयाचे स्वतःचे अभिलेखागार असावे. योजना अशी अजून काही नाही. एक टिपण तयार करून ते योग्य त्या ठिकाणी द्यावे इतकाच त्यांचा विचार. एका रविवारी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही रोज कागद टाकून राहिले. तर मग काय ठेवायचं, हे तुमच्याइतकं कोणाला समजेल?"

युक्तिवाद वरवर बिनतोड होता. पण त्यातली मेख आमच्या ध्यानात आली. आमचे नियम सांगतात ते एवढेच की कचेरीला अमुक कागद किती दिवस लागेल. कचेरीचे काम संपल्यावर तो दुसऱ्या कोणाला लागेल काय, हा प्रश्न लेखनिकाच्या टेबलावर सहसा येत नाही. अमेरिकेत थिओडोर शेलेनबर्ग नावाचे अभिलेखपाल होऊन गेले. त्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेमका हाच भेद केला आहे. कागदाचे पहिले मोल ज्याने तो निर्माण केला त्याच्यासाठी. दुसरे मोल इतरांसाठी, पुढच्यांसाठी. या दुसऱ्या मोलाचेही ते दोन भाग पाडतात : संस्था कशी चालली याचा पुरावा, आणि संस्थेच्या कागदांत ओघाने आलेली माणसांची व काळाची माहिती. त्यांच्या आधी, १९२२ साली, इंग्लंडच्या हिलरी जेन्किन्सन यांनी अगदी उलट मत मांडले होते. त्यांच्या मते अभिलेखपालाने निवड करूच नये. ज्या कचेरीचे कागद तिने काय ते ठरवावे आणि अभिलेखपालाने आपल्या हाती आलेले निष्ठेने सांभाळावे, कारण निवडणाऱ्याची आवडनिवड शिरली की पुराव्याचा निर्मळपणा गेला. आम्हाला जेन्किन्सनसाहेबांचे म्हणणे मनापासून पटते. अडचण एवढीच की कागद फार झाले. अमेरिकेचे राष्ट्रीय अभिलेखागार सांगते की सरकारी कामकाजात निर्माण होणाऱ्या कागदपत्रांपैकी शेकडा एक ते तीनच कायमचे ठेवले जातात. शंभरांतले सत्त्याण्णव टाकावयाचे, तर कोणीतरी निवडलेच पाहिजे; आणि न निवडता बसले तर वाळवी निवडते. जबलपूरच्या पावसाळ्यात तिची निवडसमिती फार तत्परतेने काम करते.

विश्वविद्यालयाचे कागद म्हणजे कोणते, येथूनच प्रश्नाला आरंभ होतो. जबलपूर विश्वविद्यालय १९५६ साली स्थापन झाले आणि १९८३ साली त्याला राणी दुर्गावतीचे नाव मिळाले. पण या गावातील उच्च शिक्षण काही १९५६ साली जन्मले नाही. येथील रॉबर्टसन कॉलेजाचे मूळ १८३६ साली सागरास निघालेल्या शाळेत आहे. १८७३ साली ती संस्था जबलपुरास आली. मध्यप्रांतातील महाविद्यालये प्रथम कलकत्त्याच्या, मग अलाहाबादच्या विद्यापीठाला जोडलेली होती. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघाले तेव्हा ती तिकडे गेली. १९४६ साली हरिसिंग गौर यांनी सागरास विश्वविद्यालय स्थापिले, तेव्हा या भागाचा संबंध सागराशी जडला. आणि दहा वर्षांनी घरचे विश्वविद्यालय आले. म्हणजे एकाच इमारतीत, एकाच बाकावर बसून शिकलेल्या आजोबा, वडील व नातू यांच्या पदव्यांवर तीन निरनिराळ्या गावांची नावे असू शकतात. त्यांचे कागदही तसेच गावोगाव पांगलेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे वेगळे झाले तेव्हा जुन्या प्रांताच्या दप्तरांचीही वाटणी झाली. आणि विश्वविद्यालयांची वाटणी अद्याप थांबलेली नाही. याच गावात २००९ साली नानाजी देशमुख यांच्या नावाचे पशुवैद्यकीय आणि २०११ साली वैद्यकीय विश्वविद्यालय निघाले. प्रत्येक वाटणीत जमिनी, इमारती आणि नोकर यांचा हिशेब होतो. जुन्या फायली कोणाकडे जाव्या याचा निकाल मात्र बहुधा ज्याच्याकडे रिकामी खोली असते तो लावतो.

म्हणून आम्ही प्राध्यापकांना पहिली सूचना केली ती ही की ठेवावयाच्या कागदांच्या यादीच्या आधी कागद कोठे कोठे आहेत याची यादी करा. प्रत्येक कागद आपल्याच कपाटात आला पाहिजे असे नाही. तो सागरास किंवा नागपुरास सुखरूप आहे एवढे आपल्या वहीत लिहिलेले असले तरी पुष्कळ काम होते. दुसरी सूचना शब्दांविषयी होती. मध्य प्रदेशात व्हाइस-चॅन्सेलरला 'कुलपति' म्हणत आणि चॅन्सेलरला 'कुलाधिपति'. आपल्याकडे कुलपती म्हणजे चॅन्सेलर, व्हाइस-चॅन्सेलर तो कुलगुरू. नव्याने बदलून आलेला मराठी माणूस येथे या शब्दापाशी एकदा तरी अडखळलेला आहे. २०२४ साली मध्य प्रदेशानेही 'कुलगुरु' हा शब्द स्वीकारला. आता आणखी पन्नास वर्षांनी जुनी फाइल वाचणाऱ्याला 'कुलपतींची मंजुरी' म्हणजे नेमकी कोणाची, हे कळावे कसे? कागदाबरोबर त्याचा अर्थ लावण्याची किल्लीही ठेवली पाहिजे.

पुढील आठवड्यात प्राध्यापकांनी आपली यादी आणली. तीत कार्यपरिषदेची व विद्यापरिषदेची इतिवृत्ते, अध्यादेश, अभ्यासक्रम, दीक्षान्त भाषणे, समारंभांची छायाचित्रे आणि पदवीधरांच्या नोंदवह्या होत्या. यादी निर्दोष होती, आणि त्यामुळेच आम्हाला ती अपुरी वाटली. या सर्व कागदांत विश्वविद्यालय पाहुण्यांपुढे बसावे तसे नीटनेटके बसलेले दिसते. ते जगले कसे हे त्यांत दिसत नाही. हेलन सॅम्युएल्स या अमेरिकन अभिलेखपाल बाईंनी १९९२ साली उच्च शिक्षणसंस्थांच्या अभिलेखांवर एक पुस्तक लिहिले. कोणत्या कचेरीचे कागद ठेवावे असे विचारू नका, संस्था कोणकोणती कामे करते ते विचारा, असा त्यांचा सांगावा आहे. त्यांनी सात कामे सांगितली आहेत : पदवी देणे, ज्ञान देणे, विद्यार्थ्याला माणसांत वावरण्यास शिकविणे, संशोधन, संस्था चालविणे, लोकसेवा आणि संस्कृतीचे संवर्धन. आम्ही प्राध्यापकांची यादी या सात कामांपुढे ताडून पाहिली. पहिल्या आणि पाचव्या कामाचे कागद भरपूर होते. दुसऱ्या आणि तिसऱ्याचे जवळजवळ नव्हते. वर्गात काय शिकविले गेले हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेवरून कळत नाही. ते एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीवरून कळते. वसतिगृहात मुले कशी राहिली हे अधीक्षकांच्या वार्षिक अहवालावरून कळत नाही. ते खानावळीच्या हिशेबाच्या वहीवरून कळते. डाळ किती आली, उपवासाच्या दिवशी किती पाने कमी झाली, कोणाची बाकी किती महिने थकली आणि ती कोणी भरली, हे तीत असते.

"म्हणजे खानावळीची वही दीक्षान्त भाषणापेक्षा मोठी?" प्राध्यापकांनी विचारले.

"मोठी नव्हे," आम्ही म्हणालो, "पण भाषण छापून झाले आहे. वहीची प्रत एकच आहे."

येथे आम्हाला पेशवे दप्तराची आठवण होते. पुण्याचे ते दप्तर इंग्रजांनी सांभाळले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. इनामे कोणाची खरी, कोणाची खोटी, जमिनीवर कोणाचा हक्क, हे तपासण्यास ते कागद त्यांना लागत होते. ते शेलेनबर्ग यांचे पहिले मोल. पुढे १९२९ साली गोविंद सखाराम सरदेसाई त्या दप्तरात शिरले आणि १९३४ पर्यंत त्यांनी निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. केवढे हे काम! परंतु ती निवड होती आणि तिच्यात मोहिमा, तह, राजकारण यांचा वरचष्मा असणे त्या काळी स्वाभाविक होते. हिशेबांचे रुमाल बहुतांशी बांधलेलेच राहिले. पुढच्या पिढीतील संशोधकांना निराळे प्रश्न पडले. हिरोशी फुकाझावा, हिरोयुकी कोतानी हे जपानी विद्वान मराठी कागद वाचून बलुतेदार, वतने, गावगाडा यांविषयी लिहू लागले. सरदेसायांनी जे छापले नाही ते त्यांनी जाळलेही नाही, म्हणून पुढच्यांना आपले प्रश्न घेऊन त्याच दाराशी जाता आले. आमच्यासारख्या कागद नष्ट करणाऱ्याला ही सवलत नाही. आमचा शेरा शेवटचा असतो. छापण्याची निवड पुन्हा करता येते, टाकण्याची करता येत नाही.

तरीही टाकावे लागतेच. उत्तरपत्रिका ठेवता येत नाहीत, शुल्कमाफीचे हजारो अर्ज ठेवता येत नाहीत. अशा ठिकाणी नमुना ठेवण्याची रीत आहे. काही देशांत आडनावाच्या आद्याक्षरावरून नमुना काढीत. एका अक्षराच्या फायली ठेवावयाच्या, बाकीच्या टाकावयाच्या. आम्ही प्राध्यापकांना विनविले की काहीही करा, पण हे करू नका. आपल्या देशात आडनाव हे नुसते आडनाव नसते. त्यावरून जात कळते, प्रांत कळतो, कधी धर्म कळतो. एक अक्षर निवडाल तर एखादी जमातच्या जमात कागदातून नाहीशी व्हावयाची, आणि ज्या मुलांच्या घरात शिकलेले पहिलेच माणूस म्हणजे ती स्वतः, नेमकी त्यांचीच आठवण पुसली जावयाची. त्यापेक्षा ज्यांच्या हजेरीक्रमांकाचा शेवटचा आकडा सात आहे असे अर्ज ठेवावे. शिवाय दर दहा वर्षांतून एका वर्षाचे सगळे ठेवावे. आकड्याला जात नसते. आणि मंजूर झालेल्या अर्जांबरोबर नामंजूर झालेलेही ठेवावे. दार कोणासाठी उघडले हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कोणासाठी उघडले नाही हेही महत्त्वाचे आहे.

अर्थात ठेवणे म्हणजे कोणालाही दाखविणे नव्हे. एखाद्या मुलीने केलेली तक्रार, एखाद्या मुलाला झालेली शिक्षा, कोणाचे आजारपण, हे कागद ती माणसे हयात असेपर्यंत कुलपात राहिले पाहिजेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने प्रत्येक सार्वजनिक संस्थेवर आपले अभिलेख सूची करून नीट ठेवण्याचे बंधन घातले आहे. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या कायद्याने अभिलेखनाच्या कामासाठी काही सवलत ठेवली आहे. कायदे आहेत. त्यांचा मेळ घालून 'हे आज, हे तीस वर्षांनी, हे साठ वर्षांनी' असा शेरा प्रत्येक गठ्ठ्यावर मारणारा माणूस पाहिजे. आता पुष्कळ कागद कागदावर नसतातच; ते संगणकात जन्मतात आणि संगणक बदलला की मरतात. त्यांना वाळवी लागत नाही, परंतु परवलीचा शब्द ठाऊक असलेला कारकून निवृत्त झाला की परिणाम तोच.

इथवर आमची चर्चा तत्त्वाची होती. मग श्रावणात एक पेटी आली आणि तत्त्वाची परीक्षा झाली.

राइट टाउनमधील एक जुने घर विकावयास निघाले होते. त्यात राहिलेले मराठी अध्यापक बऱ्याच वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या पत्नी गेल्या वर्षी गेल्या. एक मुलगा पुण्यास, दुसरा परदेशी. दिवाळीपूर्वी घर रिकामे करावयाचे होते. पुण्याच्या चिरंजिवांनी एक मोठी लोखंडी पेटी प्राध्यापकांच्या ओसरीवर आणून ठेवली आणि म्हटले, "काका, यात बाबांचे कागद आहेत. आमच्याकडे जागा नाही. विश्वविद्यालय घेईल का?" शेजारच्या आजींनी मध्येच सुचविले, "त्यात पोथ्यापुराणे असतील तर रद्दीत नका देऊ हो. ग्वारीघाटी नेऊन मैयात सोडा."

आम्ही दोघांनी तीन रविवार ती पेटी चाळली. तीत नागपूर विद्यापीठाचे परीक्षेचे प्रवेशपत्र होते. टाचणांच्या वह्या होत्या; एकाच पाठावर दर वर्षी वेगळ्या शाईने केलेल्या खुणा, समासात 'मुलांना हे अवघड जाते' असे शेरे. मराठी मंडळींच्या एका गणेशोत्सवाचे बारा वर्षांचे हिशेब होते, त्यांत वर्गणीदारांची नावे व त्यांच्या कचेऱ्या : रेल्वे, तोफगाडी कारखाना, तारखाते, लेखापरीक्षा. एका हस्तलिखित वार्षिकाचे चार अंक होते. घरखर्चाच्या वह्या होत्या, त्या बाईंच्या हातच्या. आणि तळाशी पतिपत्नींनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांचे एक पुडके होते, लाल दोऱ्याने बांधलेले.

त्या हिशेबातील वर्गणीदारांच्या यादीत आम्ही बराच वेळ घालविला. तीन-चार वर्षे एक नाव दिसते, मग नाहीसे होते. त्याच्या जागी त्याच कचेरीचे दुसरे नाव येते. बदल्या. आमच्यासारखीच माणसे. ती या गावी आली, आरतीला उभी राहिली, पाच रुपये वर्गणी दिली आणि गेली. कचेरीत त्यांची सेवापुस्तिका केव्हाच निकालात निघाली असेल. ती जबलपुरात होती याचा हा एवढाच दाखला शिल्लक असावा.

प्रश्न असा की विश्वविद्यालयाने ही पेटी का घ्यावी? प्राध्यापकांच्या मनात शंका होती. "उद्या वाचणार कोण? इथे मराठी वाचणारे कमी होत चालले." आम्ही म्हणालो, की १७८१ पासून १८१७-१८ पर्यंत या मुलखात मराठ्यांचा अंमल होता, प्रथम सागरकरांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा, तेव्हाचे कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारे कमी झाले म्हणून ते कोणी फेकून द्या म्हणत नाही. वाचणारा आज नाही ही कागद टाकण्याची सबब होऊ शकत नाही. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड छापला आणि पुढे एकंदर बावीस खंड काढले, ते लोकांच्या माळ्यांवरच्या कागदांतून. पारसनिसांनी साताऱ्यास जमविलेला संग्रह १९३९ साली डेक्कन कॉलेजात आला. घरांत पडलेले कागद विद्येच्या घरी येणे ही आपल्याकडची जुनी वाट आहे. शिवाय हे गृहस्थ याच गावात शिकले, याच गावात त्यांनी शिकविले. त्यांच्या टाचणांत सॅम्युएल्सबाईंचे दुसरे काम आहे आणि गणेशोत्सवाच्या हिशेबात सातवे.

शेवटी आम्ही असे ठरविले. प्रवेशपत्र, टाचणे, हिशेब आणि हस्तलिखित अंक यांची यादी करून ती टिपणाला जोडावी; अभिलेखागाराचा निर्णय होईपर्यंत ते कागद प्राध्यापकांच्या कपाटात राहावे. घरखर्चाच्या वह्यांबद्दल त्यांचा आग्रह नव्हता, आमचा होता, त्याही ठेवल्या. या गावात एका अध्यापकाच्या पगारात महिना कसा भागला हे त्यांत आहे, आणि त्या घरात लिहिणारे हात दोन होते हेही आहे. छापील पंचांगे, निमंत्रणपत्रिका आणि दुसरीकडे सहज मिळणारी पुस्तके टाकली. पोथी निघाली एक. ती आजींच्या हवाली केली.

पत्रांचे पुडके आम्ही सोडले नाही. ते विश्वविद्यालयाचे नव्हे आणि आमचेही नव्हे. चिरंजिवांना कळविले की हे तुम्ही न्या. वाचा अगर वाचू नका, ठेवा अगर जाळा, ते तुमचे. त्यांनी दूरध्वनीवर थोडा वेळ काहीच उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "आई लिहीत होती हे मला माहीतच नव्हते." पुढच्या शनिवारी ते गाडीने आले आणि पुडके घेऊन गेले. घरखर्चाच्या वह्याही त्यांनी चाळल्या, पण त्या येथेच राहू द्या असे स्वतःच म्हणाले.

आमच्या टिपणात आम्ही एक कलम शेवटी घातले आहे. जे टाकले त्याचीही नोंद ठेवावी : काय होते, किती होते, कोणी टाकले आणि कोणत्या कारणाने. आमच्या कचेरीत नष्ट केलेल्या फायलींची यादी फायलींपेक्षा जास्त वर्षे सांभाळतात, हा नियम आम्हाला नेहमीच शहाणपणाचा वाटत आला आहे. निवडणारी माणसे चुकतील. त्यांच्या काळाच्या डोळ्यांना जे दिसले नाही ते पुढच्यांना दिसेल. तेव्हा निदान आपण कोणते दार बंद केले हे त्यांना सांगून जावे. प्राध्यापकांनी हे कलम मान्य केले आणि टिपणाखाली, तारीख घालून, आमचीही सही घेतली. आमची बदलीची मुदत पुढल्या वर्षी भरते.